शाळेची वाट आणि दारातले वाहन

मे महिना उजाडला की आमच्या निवासाच्या ओसरीवर एक ठराविक प्रश्न येऊन बसतो. शाळांचे प्रवेश उरकलेले असतात. धाकट्याचे नाव दूरच्या शाळेत लागलेले असते, थोरलीचे दहावीचे वर्ष असल्याने तिला पहाटेच शिकवणीला जायचे असते, आणि नवरा-बायको दोघेही नोकरीवाले. “फादर, गाडी घ्यायची म्हणतो. कोणती घ्यावी?” वास्तविक यंत्रातले आम्हांला फारसे काही कळत नाही. परंतु नवे वाहन घेतले की आशीर्वादासाठी ते ख्रिस्तमंदिराच्या आवारात आणून उभे करण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळे गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत आमच्या डोळ्यांखालून जेवढी वाहने गेली तेवढी एखाद्या दलालाच्याही गेली नसतील. आणि एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. गाडी घेतो बाप, तिचे हप्ते भरतो बाप, क्वचित आईही. पण गाडी कोणती घ्यायची हे बहुतेक घरांत शाळेत जाणारे मूल ठरवीत असते. त्याला ते ठाऊक नसते एवढेच.

महाराष्ट्रातल्या घरगुती वाहनाचा इतिहास लिहिणारे कारखानदारांचा आणि परवान्यांचा इतिहास लिहितात. तो महत्त्वाचा खराच. पण तोच इतिहास शाळेच्या फाटकापाशी उभे राहून पाहिला तर निराळा दिसतो. तसा तो पाहण्याचा हा आमचा प्रयत्न आहे.

आमच्या आईवडिलांच्या पिढीला शाळेसाठी वाहन ही कल्पनाच नव्हती. वसईच्या वाड्यांतून बैलगाड्या होत्या. पण त्या भाजी, केळी आणि फुले घेऊन स्टेशनाकडे जाण्यासाठी. मुलांना कोणी बैलगाडीने शाळेत सोडल्याचे ऐकिवात नाही. फार तर परतीच्या रिकाम्या गाडीच्या मागे लोंबकळत येण्याची मौज असे, आणि गाडीवानाने चाबूक उगारला की उडी टाकायची. टांगा होता तो पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. मुले चालत. वाडीतली पंधरा-वीस मुले एकत्र निघत, मोठी मुले लहानांची दप्तरे घेत, ओढ्याला पाणी असेल तर थोरला धाकट्याला खांद्यावर घेई. शाळेची व्यवस्थाच या चालण्यावर बांधलेली होती. २००९ साली झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्यानेही पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळावी असे मानले, ते याच जुन्या हिशोबाने. मूल चालेल, हे कायद्याने गृहीत धरले होते. आईबापांनी ते गृहीतक केव्हाच मोडून टाकले होते, हा भाग वेगळा.

चालण्याची साखळी प्रथम तुटली ती हायस्कुलाशी. प्राथमिक शाळा गावात, हायस्कूल मात्र तीन-चार मैलांवर, अशी सर्वत्र परिस्थिती होती. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत खेडोपाडी हायस्कूलच्या मुलांना लाल गाडीचा आधार झाला. कित्येक गावांत मुलीला पाचवीच्या पुढे शिकवायचे की नाही हा निर्णय एस.टी.च्या वेळापत्रकाने केला आहे. सहाची गाडी चुकली तर पुढची नऊला. नऊची गाडी घेतली तर दोन तास बुडाले. १९७५ साली दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली परीक्षा झाली, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली आणि अंतर आणखी वाढले. एका घरातली तीन मुले तीन दिशांना जाऊ लागली ती साधारण याच सुमारास.

सायकल ही घरातली पहिली खाजगी गाडी. ती मुळात वडिलांची असे, कामावर जाण्यासाठी. एक मूल दांडीवर, एक कॅरियरवर, दप्तरे हँडलला. दांडीला टॉवेल गुंडाळून केलेले आसन आमच्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. आणि त्यावर पाऊण तास बसल्यानंतर बधिर झालेले पायही. मोठ्यांची उंच सायकल मुले दांडीखालून पाय घालून तिरपी चालवायला शिकत. मुलींना हे जमणारे नव्हते, म्हणून बिनदांडीच्या ‘लेडीज’ सायकलीचे महत्त्व. ती घरात आली म्हणजे मुलगी हायस्कूल पुरे करणार, असा तिचा अर्थ होता. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. त्या सायकलींत शाळा-कॉलेजांच्या मुलींचा वाटा किती होता, हे कोणी मोजून ठेवायला हवे होते.

मग स्कूटर. येथे थोडे थांबले पाहिजे.

स्कूटरचा आपल्याकडचा इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडला. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा आणली. बजाजांनी १९४८ पासून इटलीची व्हेस्पा आयात करून विकली, १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळविला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा केला. पिआज्जिओ कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला; १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. १९७५ साली राज्य शासनाच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना निघाला व ‘प्रिया’ रस्त्यावर आली. कारखाने आपल्या दाराशी, तरी गाडी मात्र मिळत नसे. किती स्कूटरी बनवायच्या हे दिल्लीचा परवाना ठरवी, आणि लोकांची मागणी त्याच्या कितीतरी पट होती. नाव नोंदवून दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे. नोंदणीचा कागद घराण्यातल्या दागिन्यासारखा जपला जाई; लग्नाच्या बोलण्यांत तो निघे. परदेशातून परकीय चलन धाडणारा कोणी नातलग असला तर रांग टळत असे, आणि आखातात गेलेल्या भावांनी घरच्यांसाठी केलेल्या सोयींत या स्कूटरीची आठवण वसई-गोव्याकडच्या घरांत अजून निघते. ज्यांचा नंबर लागे त्यांतले काहीजण गाडी घरी न आणताच वर पैसे घेऊन दुसऱ्याला देऊन टाकीत.

आमच्या वडिलांनी नाव नोंदविले तेव्हा आम्ही पहिलीत होतो. १९७६ साल. शाळा अडीच मैलांवर, पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर पाणी, आणि आम्हांला सारखा खोकला होई. त्यासाठी त्यांनी तो खटाटोप केला. नंबर लागला तो १९८५च्या अखेरीस. तेव्हा आम्ही दहावीला होतो, खोकला कधीच बरा झाला होता, आणि वडिलांबरोबर स्कूटरवर मागे बसून शाळेत जाण्याची आम्हांला लाज वाटे. त्या गाडीने शाळेत गेली ती आमची धाकटी बहीण, जी नोंदणीच्या वेळी जन्मलीही नव्हती. मुलाची गरज दर दोन-तीन वर्षांनी पालटते आणि सरकारी रांग दहा वर्षांची, हे त्या काळातल्या हजारो घरांचे गणित होते. ज्या मुलासाठी गाडी मागितली ते मूल गाडी येईपर्यंत मोठे होऊन गेलेले असे. आज कोणी गाडीसाठी दोन महिने थांबावे लागले म्हणून कुरकुरतो तेव्हा आम्ही गप्प बसतो.

तरीही स्कूटरच का? राजदूत होती, येझ्दी होती, बुलेट होती. पण मोटारसायकलला मधे पेट्रोलची टाकी, आणि पुढे मूल ठेवायचे कोठे? स्कूटरला पुढे पाय ठेवायची सपाट जागा होती. तेथे एक मूल उभे राही, दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग धरून. मागे साडीतली आई एका अंगावर बसे, तिच्या मांडीवर तान्हे. एखादे मधले असले तर आईबापांच्या मधे चेपून. चौघे-पाचजण, वर भाजीची पिशवी. शिवाय स्टेपनी असल्याने चाक पंक्चर झाले तरी रस्त्यात अडकायचे नाही. सकाळी सुरू झाली नाही तर तिला एका अंगावर कलती करायची, मग उभी करून किक मारायची. ही विधिपूर्वक कृती पाहिली नाही असे मूल त्या काळी विरळा. १९८९ साली बजाजची दूरदर्शनवरची जाहिरात गाजली ती उगाच नव्हे. जाहिरातीत जे कुटुंब दाखविले ते घरोघरीच होते.

पण त्या चित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. पुढे उभे राहणारे मूल हे त्या रचनेतले सर्वांत असुरक्षित माणूस होते. एकाएकी ब्रेक लागला की त्याची हनुवटी हँडलवर किंवा दिव्याच्या मागच्या पत्र्यावर आपटे. आमच्या धाकट्या बहिणीच्या हनुवटीवर त्याची खूण आजही आहे, आणि आमच्या वर्गमित्रांपैकी कितीजणांच्या हनुवटीवर ती आहे हे आम्ही मोजलेले नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे ज्या उपयोगासाठी लाखो कुटुंबांनी स्कूटर घेतली होती तोच उपयोग बेकायदा होता. पोलीस ते जाणीत आणि मुलांकडे पाहून सोडून देत. यात दया होती की बेफिकिरी, हे आम्हांला आजही ठरविता आलेले नाही.

या सबंध इतिहासात आईचा हात हँडलवर नव्हता. तो आला लहान गाड्यांबरोबर. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) कारखान्यात लूना काढली. पन्नास घनसेंटीमीटरचे इंजिन, पायडल मारून सुरू करायची, बंद पडली तर पायडल मारीत घरी आणायची. पुरुष तिला हसत. शिक्षिका, परिचारिका आणि टपाल कचेरीतल्या बायका तिच्यावरून कामावर जाऊ लागल्या, आणि जाता जाता मुलाला शाळेत सोडू लागल्या. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबले की सुरू. ती चेतकपेक्षा महाग होती. पण कलती करण्याचा, किक मारण्याचा आणि डाव्या हाताने गिअर पिरगाळण्याचा व्याप नसल्यामुळे साडीतल्या बाईला ती एकटीने हाताळता आली. पुढे स्कूटी आली, २०००च्या सुमारास ॲक्टिव्हा आली, आणि मधल्या काळात घरातल्या पुरुषाने चार स्ट्रोकच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलीकडे तोंड वळविले होते. परिणाम असा झाला की शाळेचे काम बापाकडून आईकडे गेले. चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले, आणि २०२०च्या आरंभी त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर विक्रीस आली तेव्हा तिला पाहायला दुकानात आलेल्यांत बायका किती होत्या, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. एका मातेने आम्हांला सांगितले होते की, लूना नसती तर मुलीला आम्ही जवळच्या सातवीपर्यंतच्या शाळेतच ठेवले असते आणि मग घरी बसविले असते. तिची मुलगी आज स्वतः मुख्याध्यापिका आहे.

मोटार हा श्रीमंतांचा विषय होता. देशभरात वर्षाला अर्ध्या लाखाहूनही कमी मोटारी बनत, आणि निवड म्हणजे कलकत्त्याजवळची ॲम्बॅसेडर किंवा आपल्या कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९५४ साली काढलेल्या फियाटला तिच्या आकारावरून मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले. तिचीच पुढची पिढी १९७४च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. फियाटची एक खुबी मुलांच्या लक्षात असे. गिअर हँडलपाशी, आणि पुढचे आसन सलग बाकासारखे. त्यामुळे पुढेही तिघे बसत. ज्या वाडीत एक फियाट असे त्या वाडीतली पावसाळ्यातली परीक्षा त्या एका गाडीवर पार पडे. अशा एका डॉक्टरांच्या गाडीत आम्ही नऊजण बसून दहावीच्या केंद्रावर गेलो होतो. आमचे वडील स्कूटर घेऊन मागून आले, पेन राहिले म्हणून.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. दहा हजार रुपये भरून तिच्यासाठी एक लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदविली होती. नवी गाडी आली पण रांग काही सुटली नाही. तरी हळूहळू शिक्षक, बँकेतले कारकून, बोटीवरचे लोक हे मोटारीचे गिऱ्हाईक झाले. १९९१ सालच्या नव्या औद्योगिक धोरणानंतर आणि १९९३ साली मोटारीवरचे परवान्याचे बंधन उठल्यानंतर तर कर्ज घेऊन ती आणणे सर्वसाधारण झाले. आमच्याकडे आशीर्वादासाठी आलेल्या पहिल्या काही गाड्या जुन्या मारुतीच होत्या. मागे तीन मुले नीट बसत, चौथे मांडीवर. कुटुंबांचा आकारही याच काळात आटला. सात मुलांच्या घरातला बाप दोन मुलांवर आला, आणि गाडी त्याला पुरू लागली. मारुतीमुळे कुटुंबे लहान झाली असे कोणी म्हणणार नाही. पण घरातली माणसे आणि गाडीतल्या जागा यांचा मेळ बसण्याचा तो एक विरळा काळ होता. ८००चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले.

तिच्याबरोबरच, १९८४च्या अखेरीस, त्याच इंजिनाची मारुती व्हॅन आली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले. सपाट तोंड, सरकते दार, आणि आत आसने काढून टाकली की एक खोलीच. ती रुग्णवाहिका झाली, दुधाची गाडी झाली, चित्रपटांतल्या गुंडांची आवडती झाली. आणि देशभर शाळेची गाडी झाली. ज्या आईबापांना स्वतः सोडायला वेळ नव्हता आणि मोटार परवडत नव्हती त्यांच्यासाठी ‘व्हॅनवाले काका’ ही एक संस्थाच निर्माण झाली. त्याआधी रिक्षावाले काका होतेच. रिक्षात चालकाच्या मागे आडवी फळी टाकून मुले बसवीत आणि बाहेर दप्तरांचे घोस लोंबत. व्हॅन तिच्या मानाने बंद, कोरडी, म्हणून सुरक्षित वाटे. वाटे, असेच म्हणावे लागते. चालक आणि त्याच्या शेजारचा हे पुढच्या चाकांच्या वरच बसत. समोर पत्र्यापलीकडे काही नाही. तेथेही दोन-तीन लहान मुले बसविली जात.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या ठिकाणी होतो तेथल्या शाळेच्या व्यवस्थापनात आमचे नाव होते. एके सकाळी फाटकापाशी उभे असताना एका व्हॅनमधून मुले उतरू लागली आणि आम्ही सहज मोजू लागलो. एकोणीस भरली. आम्ही चालकाला बाजूला घेऊन बोललो. माणूस ओळखीचा, घरी आजारी बायको, कर्जावर घेतलेली गाडी; एकोणीस मुले घेतली तरच हप्ता सुटतो, असे त्याने मोकळेपणी सांगितले. पालकांना विचारले तर ते म्हणाले, फादर, दुसरी व्हॅन तीनशे रुपये अधिक घेते. आम्ही हे प्रकरण पुढच्या सभेत घेऊ असे ठरविले. सभा पावसामुळे पुढे गेली. त्याच महिन्यात वळणावर सरकते दार उघडले आणि दाराला टेकून उभा असलेला दुसरीतला मुलगा रस्त्यावर पडला. मागून वाहन येत नव्हते म्हणून हातावर निभावले. हात दोन ठिकाणी मोडला होता. त्याच्या आईने आम्हांला काहीही विचारले नाही. विचारले असते तर आम्ही एकोणीसचा आकडा सांगितला असता की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही.

नियम नव्हते असे नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसंबंधी निर्देश दिले. पिवळा रंग, वेगावर नियंत्रण, खिडक्यांना आडव्या गजा, प्रथमोपचाराची पेटी, मुलांबरोबर एक जाणते माणूस. महाराष्ट्राने २०११ साली शाळेच्या बसगाड्यांचे स्वतंत्र नियम केले आणि शाळाशाळांतून मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी असे ठरविले. हे सारे बससाठी चांगले झाले. पण बस मोठ्या शाळांना परवडते, आणि ती मोठ्या रस्त्यानेच जाते. वाडीच्या चिंचोळ्या वाटेत शिरते ती व्हॅनच. फेब्रुवारी २०२० मध्ये पंजाबात लोंगोवाल येथे शाळेची एक जुनी व्हॅन पेटली आणि चार मुले गेली. ती बातमी वाचली त्या रात्री आम्हांला ते सरकते दार पुन्हा दिसले. अपघातातील सुरक्षेचे नवे निकष आल्यावर २०१९ साली ओम्नीचे उत्पादन बंद झाले होते. कारखान्यातून गाडी बंद होते, रस्त्यावरून होत नाही.

व्हॅनवरचा विश्वास उडाला की बाप स्वतःची गाडी घेतो. आम्ही सांगितलेल्या त्या प्रसंगानंतर वर्षभरात त्या शाळेच्या पालकांनी किती गाड्या घेतल्या ते आवारात मोजता आले असते. एकत्र कुटुंबांनी सुमो पाहिली. टाटांनी १९९४ साली पुण्यात काढलेली ही गाडी सुमंत मुळगांवकरांच्या नावावरून ओळखली जाते, आणि चुलत-मावस मिळून आठ मुले असलेल्या घराला ती योग्यच होती. क्वालिस २००० साली आली व पाच वर्षांतच गेली. तिच्याविषयी लोक अजून हळहळतात. त्या गाड्यांबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे आमच्यापाशी नाही.

नॅनोबद्दल मात्र आहे. पावसात स्कूटरवरून चाललेले कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली हे सर्वश्रुत आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ती दाखविली गेली, एक लाख रुपये मूळ किंमत ठेवून २००९ साली बाजारात आली. म्हणजे चेतकच्या पुढच्या भागात उभे असलेले ते मूल अखेर एका कारखानदाराच्या दृष्टीस पडले होते. गाडी नीट होती. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला बाधला. आपल्या मुलाला शाळेच्या फाटकापाशी सर्वांत स्वस्त गाडीतून उतरवावे असे कोणाही पालकाला वाटले नाही. आमच्याकडे एका रिक्षाचालकाने ती घेतली होती आणि तो तिच्यावर संतुष्ट होता; त्याच्या मुलीने मात्र फाटकाच्या अलीकडे, वळणावर उतरवायला सांगितले. २०१८ साली नॅनो संपली.

आता आपल्याकडे नवीच अडचण दिसते. पूर्वी शाळा ठरे आणि तीनुसार वाहन बघत. हल्ली गाडी दारात असते म्हणून शाळा लांबची निवडतात. बारा किलोमीटरवरची शाळा ‘फक्त अर्ध्या तासावर’ होते. मग बाराही महिने तो अर्धा तास, गर्दीत पाऊण, आईच्या किंवा बापाच्या कपाळी येतो. थोरली अकरावीला दुसऱ्या दिशेला जाऊ लागली की एक गाडी पुरत नाही आणि दुसरी येते. वाडीतली प्राथमिक शाळा मात्र रिकामी होत जाते. फाटकापाशी सकाळी इतकी वाहने उभी राहतात की चालत येणाऱ्या चार मुलांना आत शिरायला वाट राहत नाही. चालणारी मुले घाबरतात, म्हणून त्यांचे आईबापही गाडी घेतात.

आणि मूल सोळा वर्षांचे झाले की प्रश्न पुन्हा पालटतो. १९८८च्या कायद्याने सोळाव्या वर्षी पन्नास घनसेंटीमीटरपर्यंतची दुचाकी चालविण्याची मुभा दिली होती. लूना त्या मापात बसे. त्या मापाच्या पेट्रोलच्या गाड्या पुढे बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि मुलांच्या हाती वडिलांची शंभर-सव्वाशेची गाडी आली. २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचे आहे, आणि २०२२च्या नियमांनी चार वर्षांखालच्या मुलालाही शिरस्त्राण व चालकाशी बांधणारा पट्टा सांगितला, वेग ताशी चाळीसच्या आत. शाळेच्या फाटकापाशी हा पट्टा आम्ही आजवर दोनदा पाहिला. एक बाई तो बांधताना इतर पालक पाहत होते, आणि तिला उशीर होत होता.

यंदा मे महिन्यात आलेल्या जोडप्याला तीन मुले आहेत. थोरली दहावीत, मधला पाचवीत, धाकटी बालवाडीत. ते सात आसनांची गाडी पाहत होते. आम्ही त्यांना कागद दिला आणि तिघांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायला सांगितल्या. सकाळी सहा, सव्वासात, साडेनऊ. परत साडेबारा, दीड, सहा. सात आसनांच्या गाडीत एका वेळी एकच मूल बसणार होते. नवरा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मधल्याची शाळा वाडीपासून सव्वा किलोमीटर आहे. शेजारच्या तीन घरांतली पाच मुले त्याच शाळेत आहेत, हे त्याच्या बायकोने सांगितले. त्याला ते ठाऊक नव्हते. गेल्या आठवड्यात ती बाई दुकानातून जुनी स्कूटर बदलून गिअर नसलेली नवी घेऊन आली, दोन शिरस्त्राणांसह, एक अगदी लहान. आम्ही गाडीला आशीर्वाद दिला. मधला बरोबर नव्हता. तो शेजारच्या मुलांबरोबर चालत येत होता. पाऊस सुरू झाल्यामुळे सगळे मिळून वाटेतल्या पडवीत थांबले होते, असे नंतर कळले.